पायथनमधील मॉड्यूल न सापडल्याची त्रुटी

मॉड्यूल न सापडल्याची त्रुटी ही पायथन या संगणकीय भाषेत लिहिलेली स्क्रिप्ट चालविताना उद्भवणारी एक नेहमीची त्रुटी होय. स्क्रिप्टने मागितलेले मॉड्यूल पायथनला त्याच्या शोधाच्या ठिकाणी मिळाले नाही, की स्क्रिप्ट तेथेच थांबते आणि पडद्यावर 'मॉड्यूलनॉटफाउंडएरर: नो मॉड्यूल नेम्ड' असा संदेश व त्यापुढे न सापडलेल्या मॉड्यूलचे नाव उमटते. पायथनच्या जुन्या आवृत्त्यांत हाच संदेश 'इम्पोर्टएरर' या नावाने येतो. पर्लसारख्या इतर भाषांत, तसेच नोड जेएसमध्येही अशा त्रुटी आढळतात. परंतु प्रस्तुत लेख पायथनपुरता, आणि त्यातही मुख्यत्वे जुन्या संगणकांपुरता मर्यादित आहे.

जुन्या संगणकावर ही त्रुटी वारंवार दिसते, म्हणून पुष्कळदा यंत्रच निकामी झाले असा समज करून घेतला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा यंत्र, पायथनची आवृत्ती आणि स्क्रिप्ट ही तिन्ही आपापल्या जागी ठीक असतात. फक्त ती वेगवेगळ्या काळातील असतात. हा काळाचा मेळ कोठे चुकला हे शोधणे, हेच या त्रुटीच्या निवारणाचे मुख्य सूत्र आहे.

या लेखात आज्ञा, फाइलींची नावे व संदेश उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ते रोमन लिपीत टंकित करावे लागतात.

मॉड्यूल म्हणजे काय

पायथनमध्ये लिहिलेली कोणतीही फाइल दुसऱ्या फाइलीत वापरता येते. अशा वापरता येण्याजोग्या फाइलीस मॉड्यूल, तर अनेक मॉड्यूलांच्या एकत्रित फोल्डरास पॅकेज म्हणतात. 'इम्पोर्ट' या शब्दाने मॉड्यूल स्क्रिप्टमध्ये आणले जाते. मॉड्यूलांचे उगमानुसार तीन वर्ग पडतात.

१. प्रमाण संग्रहातील मॉड्यूल : हे पायथनसोबतच येतात. गणितासाठीचे 'मॅथ', यादृच्छिक संख्यांसाठीचे 'रँडम' ही त्यांची उदाहरणे होत.
२. बाहेरील पॅकेज : हे स्वतंत्रपणे बसवावे लागतात. 'नमपाय', 'रिक्वेस्ट्स', 'पिलो' इत्यादी पॅकेज पायपीआय या सार्वजनिक कोठारातून 'पिप' या साधनाद्वारे उतरवून घेतले जातात.
३. स्वतःचे मॉड्यूल : स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने स्वतः तयार केलेल्या व बहुधा स्क्रिप्टशेजारीच ठेवलेल्या फाइली.

त्रुटीच्या संदेशातील नाव या तिन्हींपैकी कोणत्या वर्गातील आहे, हे प्रथम ठरवावे. प्रमाण संग्रहातील मॉड्यूल सापडत नसेल तर दोष बहुधा पायथनच्या आवृत्तीत असतो. बाहेरील पॅकेज सापडत नसेल तर ते बसविण्यात. आणि स्वतःचे मॉड्यूल सापडत नसेल तर फाइलीच्या जागेत किंवा नावात.

पायथन मॉड्यूल कसे शोधते

'इम्पोर्ट' ही आज्ञा वाचताच पायथन सर्वप्रथम ते मॉड्यूल त्याच सत्रात आधी आणले गेले आहे का, हे पाहते. त्यानंतर पायथनच्या गाभ्यातच अंतर्भूत असलेल्या मॉड्यूलांची पाळी येते. तेथेही नाव न मिळाल्यास 'सिस.पाथ' या यादीत नोंदविलेले फोल्डर क्रमाने तपासले जातात. या यादीत सामान्यतः सर्वप्रथम चालू स्क्रिप्टचा फोल्डर, नंतर 'पायथनपाथ' या परिसर-चलात दिलेले फोल्डर, नंतर प्रमाण संग्रह व शेवटी बाहेरील पॅकेजचा 'साइट-पॅकेजेस' हा फोल्डर असतो. यादी संपली तरी मॉड्यूल मिळाले नाही, तर त्रुटी दिली जाते.

या क्रमातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पायथन संपूर्ण डिस्क धुंडाळत नाही. त्यामुळे मॉड्यूल संगणकावर अन्यत्र असूनही 'सापडत' नाही, असे घडू शकते. तसेच एकाच संगणकावर पायथनच्या दोन आवृत्त्या असतील, तर प्रत्येकीचा 'साइट-पॅकेजेस' फोल्डर निराळा असतो. एकीत बसविलेले पॅकेज दुसरीला दिसत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

गिडो व्हान रॉसम यांनी पायथनची पहिली सार्वजनिक आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. २००० मध्ये पायथन २.० आणि डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३.० आली. तिसऱ्या आवृत्तीने भाषेत जाणूनबुजून असे बदल केले, की दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या पुष्कळ स्क्रिप्ट तिच्यावर जशाच्या तशा चालेनात. दोन्ही आवृत्त्या अनेक वर्षे समांतर नांदल्या. पायथन २.७ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि २.७.१८ ही तिची अखेरची आवृत्ती त्याच वर्षी एप्रिलमध्ये निघाली.

२०१६ च्या अखेरीस आलेल्या पायथन ३.६ मध्ये 'मॉड्यूलनॉटफाउंडएरर' हे स्वतंत्र नाव प्रथम वापरात आले. ते 'इम्पोर्टएरर' या व्यापक वर्गाचाच एक पोटप्रकार आहे. म्हणून संदेशातील नावावरूनही पायथनच्या वयाचा अंदाज बांधता येतो : मॉड्यूल न मिळाल्याबद्दल केवळ 'इम्पोर्टएरर' आला, तर संगणकावरील पायथन ३.६ पूर्वीचा आहे असे समजावे.

जुन्या संगणकांचा प्रश्न संचालन प्रणालीशीही निगडित आहे. विंडोज एक्सपीवर चालणारी पायथनची अखेरची मालिका ३.४ ही होय. विंडोज ७ साठी ही मर्यादा ३.८ आहे, ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या ३.९ ला किमान विंडोज ८.१ लागते, तर ३.१३ ला विंडोज १०. त्यामुळे 'पायथन अद्ययावत करा' हा सर्रास दिला जाणारा सल्ला जुन्या संगणकावर एका मर्यादेपलीकडे पाळताच येत नाही.

कारणे

नव्या पायथनवर जुनी स्क्रिप्ट

तिसऱ्या आवृत्तीत प्रमाण संग्रहातील अनेक मॉड्यूलांची नावे बदलली. 'टीकेइंटर' आणि 'कॉन्फिगपार्सर' यांच्या नावांतील मोठी रोमन अक्षरे लहान झाली. 'क्यू' हे मॉड्यूलही लहान अक्षराने सुरू होऊ लागले. पायथन लहान-मोठ्या अक्षरांत भेद करते, त्यामुळे एवढा फरकही त्रुटीस पुरेसा ठरतो. 'यूआरएललिब२' चे काम 'यूआरएललिब.रिक्वेस्ट' व 'यूआरएललिब.एरर' यांत विभागले गेले. 'एचटीटीपीलिब' चे 'एचटीटीपी.क्लायंट' झाले, 'सीपिकल' हे 'पिकल' मध्ये सामावले.

पुढेही काही मॉड्यूल काढून टाकण्यात आले. ऑक्टोबर २०२३ मधील ३.१२ या आवृत्तीतून 'डिस्टयूटिल्स', 'इम्प', 'एसिंककोर' ही मॉड्यूल वगळली गेली. ३.१३ मध्ये 'सीजीआय', 'टेलनेटलिब', 'क्रिप्ट' यांसह १९ जुनी मॉड्यूल एकाच वेळी वगळण्यात आली.

जुन्या पायथनवर नवी स्क्रिप्ट

जुन्या संगणकावर हे कारण अधिक आढळते. 'पाथलिब', 'एनम', 'स्टॅटिस्टिक्स' व 'असिंकआयओ' ही मॉड्यूल ३.४ मध्ये, 'टायपिंग' ३.५ मध्ये, 'सीक्रेट्स' ३.६ मध्ये, 'डेटाक्लासेस' ३.७ मध्ये, 'झोनइन्फो' ३.९ मध्ये, तर 'टॉमलिब' ३.११ मध्ये प्रमाण संग्रहात आले. त्यापूर्वीच्या आवृत्तीवर ती मागितल्यास त्रुटी येणे अटळ आहे.

पॅकेजच्या फोल्डरबाबतही असाच फरक आहे. पायथन ३.३ पूर्वी '__इनिट__.पीवाय' ही फाइल नसलेला फोल्डर पॅकेज मानला जात नसे. नव्या पायथनवर ही फाइल न ठेवताही चालणारा प्रकल्प २.७ वर मात्र अडखळतो. अशा फोल्डरात त्या नावाची रिकामी फाइल ठेवली तरी काम भागते.

चुकीचा पायथन

संगणकावर दोन-तीन पायथन असल्यास 'पिप' एकाशी आणि स्क्रिप्ट दुसऱ्याशी जोडलेली असू शकते. पॅकेज यशस्वीपणे बसल्याचा संदेश येऊनही त्रुटी कायम राहते, ती प्रायः यामुळे.

नावाची गल्लत

त्रुटीच्या संदेशातील मॉड्यूलचे नाव व कोठारातील पॅकेजचे नाव एकच असेल असे नाही. 'सीव्ही२' हे मॉड्यूल 'ओपनसीव्ही-पायथन' या पॅकेजात असते. 'पीआयएल' हे 'पिलो' मध्ये, 'यॅमल' हे 'पायवायएएमएल' मध्ये, 'बीएस४' हे 'ब्युटिफुलसूप४' मध्ये, तर 'सिरियल' हे 'पायसिरियल' मध्ये मिळते.

स्वतःच्या फाइलीने घातलेला पडदा

स्क्रिप्टचा फोल्डर शोधयादीत सर्वप्रथम येत असल्यामुळे तेथील फाइल प्रमाण संग्रहातील त्याच नावाच्या मॉड्यूलला झाकून टाकते. एखाद्याने आपल्या फाइलीस 'ईमेल.पीवाय' असे नाव दिले, तर 'ईमेल.माइम' हे मॉड्यूल सापडत नाही आणि 'ईमेल' हे पॅकेज नसल्याची पुस्ती संदेशाला जोडली जाते. फाइलीचे नाव बदलणे हा यावरील उपाय होय. पायथन २ मध्ये मात्र मूळ फाइलीशेजारी 'पीवायसी' विस्ताराची संकलित प्रतही तयार होते. ती मागे राहिल्यास नाव बदलूनही अडचण तशीच राहते. म्हणून ती प्रतही पुसावी लागते.

देवनागरी नावाचे फोल्डर

मराठी वापरकर्त्यांना जाणवणारे एक विशेष कारण आहे. विंडोजमध्ये देवनागरीसाठी जुन्या पद्धतीची संकेतसारणी नाही. ही लिपी तेथे केवळ युनिकोडद्वारे हाताळली जाते. पायथन २ मात्र मॉड्यूल शोधताना विंडोजच्या जुन्या संकेतसारणीवरच विसंबून असे. त्यामुळे वापरकर्त्याचे किंवा फोल्डरचे नाव देवनागरीत असल्यास, मॉड्यूल डोळ्यांसमोर असूनही पायथन २ ला त्यापर्यंत पोहोचता येत नाही. प्रकल्प रोमन नावाच्या, शक्यतो अंतर नसलेल्या फोल्डरात हलविल्यास ही अडचण दूर होते.

यंत्र आणि ग्रंथसाठा यांतील विसंगती

३२-बिट पायथनमध्ये ६४-बिट पॅकेज चालत नाही. जुन्या संगणकांवर अनेकदा ३२-बिट विंडोज असते आणि नव्या पॅकेजपैकी कित्येकांच्या ३२-बिट प्रती आता निघत नाहीत. शिवाय 'डीएलएल लोड फेल्ड' असा संदेश आल्यास मॉड्यूल सापडले आहे, पण त्याला लागणारी दुसरी एखादी फाइल मिळत नाही, असा अर्थ होतो. पायथन ३.५ पासून विंडोजचा युनिव्हर्सल सी रनटाइम आवश्यक झाला. अद्ययावत न केलेल्या विंडोज ७ वर तो नसतो व मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत अद्यतनातूनच तो बसवावा लागतो. काही अडचणी प्रोसेसरच्याही असतात. टेन्सरफ्लोच्या १.६ पासूनच्या तयार प्रतींना 'एव्हीएक्स' सूचनासंच असलेला प्रोसेसर लागतो; तो नसलेल्या यंत्रावर पॅकेज बसते, पण चालत नाही.

लिनक्समध्ये पायथन स्वतः संकलित केले असल्यास आणखी एक शक्यता उरते. संकलनाच्या वेळी आवश्यक शीर्षफाइली नसतील तर '_एसक्यूलाइट३', '_सीटाइप्स' किंवा '_एसएसएल' ही अंतर्गत मॉड्यूल तयारच होत नाहीत. डेबियन व उबुंटूमध्ये 'टीकेइंटर' चे पॅकेजही वेगळे बसवावे लागते.

निदानाची पद्धत

निदान करताना पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

१. संदेशाची शेवटची ओळ काळजीपूर्वक वाचावी व न सापडलेल्या मॉड्यूलचे नाव अक्षरशः टिपून घ्यावे. मागणी आपल्या स्क्रिप्टमधून आली की एखाद्या पॅकेजच्या आतून, हे वरच्या ओळींतील फाइलींच्या नावांवरून कळते.
२. स्क्रिप्टच्या आरंभी 'सिस' मॉड्यूल आणून 'सिस.व्हर्जन' व 'सिस.एक्झिक्युटेबल' छापावे. पहिल्यावरून आवृत्ती आणि ती ३२-बिट की ६४-बिट हे कळते. दुसऱ्यावरून नेमका कोणता पायथन चालत आहे ते कळते.
३. 'सिस.पाथ' छापून अपेक्षित फोल्डर यादीत आहे का, ते पाहावे.
४. 'पिप' थेट न वापरता, ज्या पायथनने स्क्रिप्ट चालते त्याच्याच नावाने 'पायथन -एम पिप लिस्ट' ही आज्ञा द्यावी. पॅकेज त्याच पायथनमध्ये बसले आहे की नाही, याचा निःसंदिग्ध उलगडा होतो.
५. स्क्रिप्ट कोणत्या आवृत्तीसाठी लिहिली आहे ते ओळखावे. कंसाविना लिहिलेले 'प्रिंट' हे पायथन २ चे, तर अवतरणापूर्वी 'एफ' अक्षर लावलेली वाक्ये ही ३.६ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीची खूण आहे.

या पाच पायऱ्यांपूर्वी काहीही नव्याने बसवू नये. तर्कावर विसंबून एकामागून एक पॅकेज बसवीत गेल्यास मूळ कारण झाकले जाते व चालत असलेल्या इतर स्क्रिप्टही बिघडू शकतात.

उपाय

योग्य आवृत्तीचे पॅकेज

जुन्या पायथनवर पॅकेजची अद्ययावत आवृत्ती चालत नसली, तरी त्या पायथनला आधार देणारी अखेरची आवृत्ती बहुधा कोठारात उपलब्ध असते. पायथन २.७ साठी नमपायची १.१६ ही मालिका, पिलोची ६.२ आणि जँगोची १.११ या अखेरच्या होत. पायथन ३.८ साठी नमपायची १.२४ ही मालिका अखेरची आहे. बसविताना पॅकेजच्या नावापुढे दोन बरोबरीची चिन्हे देऊन आवृत्ती नेमून देता येते. स्वतः 'पिप' चेही तसेच आहे, २.७ वर चालणारी त्याची अखेरची मालिका २०.३ होय.

कोठाराशी संपर्क न होणे

पायपीआयने २०१८ मध्ये टीएलएसच्या १.० व १.१ या जुन्या सुरक्षा-पद्धती बंद केल्या. फार जुन्या ओपनएसएसएलवर बांधलेला पायथन त्यामुळे कोठारापर्यंत पोहोचतच नाही. कधी कधी कारण याहूनही साधे असते. मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली, की संगणकाची तारीख अनेक वर्षे मागे जाते आणि सुरक्षा-प्रमाणपत्रे अवैध ठरतात. म्हणून प्रमाणपत्राविषयी संदेश आल्यास आधी संगणकाचे घड्याळ तपासावे. प्रमाणपत्राची तपासणीच बंद करणे हा उपाय नव्हे.

संपर्क होतच नसल्यास दुसऱ्या, नव्या संगणकावर 'पिप डाउनलोड' या आज्ञेने पॅकेज उतरवून पेनड्राइव्हद्वारे आणता येते. त्या वेळी जुन्या संगणकाची संचालन प्रणाली व पायथनची आवृत्ती आज्ञेतच नमूद करावी लागते. अन्यथा नव्या संगणकाला साजेशी प्रत उतरते. जुन्या संगणकावर 'नो-इंडेक्स' व 'फाइंड-लिंक्स' हे पर्याय देऊन त्या फोल्डरातून पॅकेज बसविले जाते. तयार प्रतीच्या फाइलीचे नावच तिची ओळख सांगते : 'सीपी३८' म्हणजे पायथन ३.८, 'विन३२' म्हणजे ३२-बिट विंडोज आणि 'विन_एएमडी६४' म्हणजे ६४-बिट विंडोज.

तयार प्रत नसल्यास 'पिप' मूळ संहितेपासून पॅकेज बांधू पाहते. त्यासाठी पायथन २.७ ला व्हिज्युअल सी++ २००८, ३.४ ला २०१०, तर ३.५ पासून पुढे २०१५ किंवा त्यानंतरची साधने लागतात. जुन्या संगणकावर हा मार्ग खडतर असल्याने तयार प्रत असलेली जुनी आवृत्ती निवडणे श्रेयस्कर ठरते.

पर्यायी पॅकेज आणि स्क्रिप्टमधील बदल

प्रमाण संग्रहात नंतर आलेल्या काही मॉड्यूलांच्या जुन्या पायथनसाठीच्या प्रती स्वतंत्रपणे मिळतात. २.७ साठी 'पाथलिब२' व 'एनम३४', ३.६ साठी 'डेटाक्लासेस', तर 'टॉमलिब' ऐवजी 'टॉमली' वापरता येते. स्क्रिप्टमध्ये प्रथम नवे नाव मागून पाहणे आणि त्रुटी आल्यास जुने नाव मागणे, अशी 'ट्राय-एक्सेप्ट' रचना केल्यास एकच स्क्रिप्ट दोन्ही प्रकारच्या संगणकांवर चालते. पायथन २ ची संहिता तिसऱ्या आवृत्तीत रूपांतरित करणारे 'टू-टू-थ्री' हे साधन पूर्वी पायथनसोबतच येत असे, ३.१३ पासून ते वगळण्यात आले आहे.

स्वतंत्र परिसर

पायथन ३.३ पासून 'व्हेन्व्ह' या मॉड्यूलद्वारे प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र पॅकेज-फोल्डर ठेवता येतो. एका प्रकल्पासाठी जुनी आणि दुसऱ्यासाठी नवी आवृत्ती लागत असेल, तर दोन्ही एकमेकांस बाधा न आणता एकाच संगणकावर राहतात. 'पिप फ्रीझ' या आज्ञेने बसविलेल्या पॅकेजांची आवृत्त्यांसह यादी करून ती स्क्रिप्टसोबत जपून ठेवल्यास, पुढे दुसऱ्या कोणास तीच स्क्रिप्ट चालवावयाची असता नव्याने शोध घ्यावा लागत नाही.

उदाहरण

विंडोज ७ असलेल्या संगणकावर पायथन ३.८ आहे. भारतीय प्रमाणवेळ दाखविणारी, 'एशिया/कोलकाता' या कालपट्ट्याचा उपयोग करणारी स्क्रिप्ट त्यावर चालविली असता 'झोनइन्फो' हे मॉड्यूल न सापडल्याचा संदेश येतो. हे नाव प्रमाण संग्रहातील आहे; म्हणजे प्रश्न आवृत्तीचा आहे. 'झोनइन्फो' ३.९ मध्ये आले आणि ३.९ विंडोज ७ वर बसत नाही. येथे पायथन बदलण्याचा मार्ग बंद झाला.

आता 'बॅकपोर्ट्स.झोनइन्फो' हे ३.८ वर चालणारे पॅकेज बसवून स्क्रिप्टमधील 'इम्पोर्ट' च्या ओळीत हे नवे नाव लिहिले, की पहिली त्रुटी नाहीशी होते. त्यानंतर मात्र कालपट्टा न सापडल्याचा वेगळाच संदेश येऊ शकतो. कारण विंडोज कालपट्ट्यांची माहिती या मॉड्यूलला हव्या त्या स्वरूपात पुरवीत नाही. 'टीझेडडेटा' हे पॅकेज बसविल्यावर तीही अडचण मिटते आणि स्क्रिप्ट चालू लागते. एक त्रुटी दूर केल्यावर दुसरी दिसणे हे अपयशाचे नव्हे, तर स्क्रिप्ट पुढे सरकल्याचे लक्षण आहे, हे या उदाहरणातून लक्षात येते.

सुरक्षिततेविषयी दक्षता

पायपीआय हे खुले कोठार असून तेथे कोणालाही पॅकेज प्रकाशित करता येते. प्रसिद्ध पॅकेजच्या नावात एखाद्या अक्षराचा फेरफार करून घातक पॅकेज ठेवण्याचे प्रकार तेथे घडलेले आहेत. मूळ संहितेच्या स्वरूपातील पॅकेज बसवितानाच त्यातील आज्ञा संगणकावर चालू शकतात. म्हणून 'बसवून तर पाहू' ही वृत्ती धोक्याची ठरते. संदेशातील नावाचे पॅकेज बसविण्यापूर्वी त्या मॉड्यूलच्या अधिकृत दस्तऐवजात पॅकेजचे खरे नाव पडताळावे. हरवलेल्या 'डीएलएल' फाइली सुट्या देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवरून काहीही उतरवू नये.

मर्यादा

वरील उपायांनी जुना संगणक पुन्हा उपयोगात येतो, तरी तो नवा होत नाही. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, तर विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला. पायथन ३.८ लाही ऑक्टोबर २०२४ नंतर सुरक्षा-अद्यतने मिळत नाहीत. अशा यंत्रावर भाषा शिकणे, गणिते करणे, फाइलींची व्यवस्था लावणे ही कामे निर्वेधपणे होऊ शकतात. परंतु बँकव्यवहार, परवलीचे शब्द किंवा इतरांची वैयक्तिक माहिती हाताळणाऱ्या स्क्रिप्ट त्यावर चालवू नयेत. यंत्राची क्षमता परवानगी देत असल्यास त्यावर हलकी, अद्याप आधार मिळणारी लिनक्स प्रणाली बसविणे हा मध्यम मार्ग आहे. तसे केल्यास नवा पायथन आणि त्याचे मॉड्यूल त्याच जुन्या यंत्रावर उपलब्ध होतात.